राष्ट्राध्यक्षाची बायको म्हणजे फक्त कपडे आणि मेजवान्या?

मळ्यातली: काल इथे एकाने लिहिलं, "राष्ट्राध्यक्षाच्या बायकोचं कर्तृत्व म्हणजे कपडे आणि मेजवान्या, जॅकलीन केनेडी हे त्याचं ठळक उदाहरण." त्यावर धडाधड अंगठे पडले. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

नवरा जॉन केनेडी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६१ मध्ये त्या व्हाइट हाउसमध्ये आल्या तेव्हा तिथे ऐतिहासिक म्हणावं असं सामान फारसं उरलं नव्हतं. चेस्टर आर्थरनी १८८२ मध्येच चोवीस गाड्या भरून लिलावात काढलं होतं. ट्रुमनच्या दुरुस्तीनंतर न्यूयॉर्कच्या एका दुकानातून नवं आणून खोल्या भरल्या. सजावटीसाठी मिळणारे ५०,००० डॉलर राहत्या खोल्यांवरच संपले. मग त्यांनी काय केलं ते क्रमाने बघा. फेब्रुवारीत जाणकारांची समिती, अध्यक्ष जुन्या फर्निचरचे संग्राहक हेन्री द्यू पाँ. मार्चमध्ये क्युरेटर, म्हणजे वस्तूंची जपणूक करणारी जाणकार, नेमली. सप्टेंबरात संसदेचा कायदा: ऐतिहासिक ठरवलेली वस्तू व्हाइट हाउसची कायमची, विकता येणार नाही, वापरात नसेल तेव्हा ती स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाकडे जाईल. नोव्हेंबरात एक संस्था काढली. तिने पुढच्या वर्षी एक डॉलरची मार्गदर्शिका छापली आणि विक्रीचा पैसा खरेदीला वापरला. क्युरेटरचं पद जॉन्सननी १९६४ मध्ये आदेश काढून कायम केलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतरही टिकलेली ही व्यवस्था आहे. याला मेजवानी म्हणायचं?

अंत्रुजवासी: बाय, तुमचा क्रम पाठ आहे, पण १८ डिसेंबर १९६१ ची रात्र विसरलात. आपलं सैन्य गोव्यात शिरलं होतं आणि सुरक्षा परिषदेत केनेडींचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले होते. भारताने सैन्य मागे घ्यावं या ठरावाला सात मतं पडली, विरोधात चार. सोव्हिएत नकाराधिकार वापरला गेला नसता तर ठराव मंजूर होता. आणि तीन महिन्यांत, मार्च १९६२ मध्ये, याच बाई बहिणीला घेऊन भारतात. तीन मूर्तीत नेहरूंचा पाहुणचार, ताजमहाल, बनारसला गंगेत नाव, उदयपूर, जयपूर. साऱ्या देशाने पायघड्या घातल्या. गोंयकाराने त्यांचे गोडवे का गावेत?

मळ्यातली: ठराव परराष्ट्र खात्याचा, बायकोचा नव्हे. नवऱ्याच्या धोरणाचा हिशेब बायकोकडे मागायचा आणि तिच्या स्वतःच्या कामाचं श्रेय मात्र द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

अंत्रुजवासी: तर मग कामावरच बोलू. खरी सूत्रं पॅरिसच्या स्तेफान बुदाँ या सजावटकाराच्या हाती होती, लोकांसमोर नाव द्यू पाँचं. ब्लू रूमच्या भिंतींना पांढुरकं पट्टेरी साटिन लावलं. मेरीलँडच्या एका पाडायला काढलेल्या घरातून झ्यूबेर या फ्रेंच कारखान्याचा जुना भित्तिकागद सोलून आणला. तोच कागद, त्याच ठशांवरून, कारखाना तेव्हाही नवा छापून देत होता! न निवडलेल्या माणसाची आवड आणि हाताशी सत्ता, हे जुन्या वास्तूला फार घातक असतं.

चिराबंदी: याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. जुन्या गोव्याची बॉम जीझस बॅसिलिका. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुरचनाकाराने ती अधिक 'प्राचीन' दिसावी म्हणून बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला. जांभा उघडा पडला. जांभ्याच्या भोकांत मऊ माती असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात ती माती धुऊन जाते आणि चिरा आतून पोकळ होतो. शेजारचं से कॅथेड्रल गिलाव्याखाली आहे, तिथला चिरा बघा.

डिचोलीकर: पण आता जगाला तो लाल चेहराच ओळखीचा आहे. परत पांढरा केला तर तीही कुणाची तरी आवडच. आणि ठेकेदार सिमेंटच फासणार, सगळीकडे तेच चाललंय.

चिराबंदी: चेहऱ्यासाठी चिरा मरू द्यायचा? सिमेंटचं मात्र बरोबर बोललात, तेवढं मान्य. सिमेंटला भेग पडते, पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते. मागे खार साचून फुलतो आणि पोपडा चिऱ्याची साल घेऊनच सुटतो. कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरवायचा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. भिंत आधी भिजवायची, थर दहा-बारा मिलिमीटरहून जाड नको, वर ओलं गोणपाट. आणि काम पावसाळा संपल्यावरच. पण बॅसिलिकेवर थेट गिलावा मारला तर तोही सुटेल. इतक्या वर्षांचा खार आधी कागदाच्या लगद्याचे लेप लावून ओढून काढावा लागेल. लेप सुकला की काढायचा, पुन्हा नवा, खार येणं थांबेपर्यंत.

डिचोलीकर: आणि एवढा धीर कुठल्या खात्याला आहे? निविदा मार्चमध्ये निघते, काम मेमध्ये सुरू होतं, जूनमध्ये वाहून जातं. चुना मुरवायला महिना द्या म्हटलं की 'एवढ्यात होत नाही' हे उत्तर. तुम्ही पुस्तकी बोलताय!

चिराबंदी: पुस्तकी? शिंपल्यांचा चुना भाजून आपल्या घरांच्या भिंती पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिल्या, त्या काय पुस्तकं वाचून? खात्याची घाई हा खात्याचा दोष, चुन्याचा नव्हे.

मळ्यातली: अहो, थांबा दोघंही. कास्त्रोला कुणी अडवलं नाही. जॅकलीन केनेडींनी मात्र अडवणारा कायदाच करून घेतला, आणि तो पुढच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला बांधतो. पद गेल्यावरचंही बघा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर मालक रेल्वे कंपनीला उंच इमारत चढवायची होती आणि शहराने ते अडवलं होतं. १९७५ मध्ये ते स्टेशन वाचवायला त्या उतरल्या, महापौर बीम यांना पत्र लिहिलं, रेल्वेने वॉशिंग्टनला जाऊन आवाज उठवला. जून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल शहराच्या बाजूने दिला. तेव्हा नवरा राष्ट्राध्यक्ष नव्हता.

अंत्रुजवासी: खटला शहराच्या वकिलांनी लढवला आणि ज्यावर तो उभा होता तो वारसा कायदा १९६५ चा, बाईंच्या दहा वर्षं आधीचा. त्यांच्यामुळे छायाचित्रकार आले, एवढंच.

चिराबंदी: छायाचित्रकार आले म्हणूनच शहर माघार घ्यायचं थांबलं. खालच्या कोर्टात हरल्यावर बीम अपील करायला कचरत होते.

अंत्रुजवासी: ठीक आहे, १९६१ चा कायदा चांगला होता, हे मानतो. बुदाँचं साटिन मानत नाही, आणि सुरक्षा परिषदेतली ती सात मतंही विसरणार नाही.