सांदण एकट्याने: अर्धी चालेल, पूर्ण नको

एकाने विचारलंय की डिसेंबरात भंडारदऱ्याजवळची सांदण दरी सोलो करता येईल का, तर माझं स्पष्ट मत सांगतो. दरीच्या वरच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावाहून आत शिरून रॅपलिंगच्या (दोराने कडा उतरायच्या) पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परत यायचं असेल तर सवय असलेल्याला जमतं, पण त्याच्या खाली दोर लावून पायथ्याच्या देहणे गावाकडे उतरायचं असेल तर एकट्याने अजिबात नको, कारण एकदा दोर खाली ओढून घेतला की परत वर यायची वाटच उरत नाही आणि आत मोबाईलला रेंज नाही. दरीतल्या पाण्याच्या डोहात शिरताना बूट काढू नका, पाणी इतकं गार असतं की पाय बधिर होतात आणि तळाचे दगड निसरडे, त्यापेक्षा सुके मोजे पिशवीत बांधून न्या. मोठ्या धोंड्यांवरून उड्या नकोत, बसून उतरा, घोटा मुरगळला तर बाहेर काढणार कोण? आणि जंगलच अनुभवायचंय तर साम्रदहून करोली घाटाची पायवाट उतरा की, काय सुंदर झाडी आहे! वाटाड्या मात्र गावातलाच घ्या. हो, आणि हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, शेकोटी पेटवू नका प्लीज.