ड वर्ग महापालिका, जीकॉम आणि उत्सर्जनाचा ताळेबंद: सुरुवात कुठून करावी?

पर्यावरण_कक्ष
ड वर्ग महानगरपालिका, लोकसंख्या साधारण 3 लाख. इक्ली या स्थानिक संस्थांच्या जागतिक संघटनेचं सभासदत्व घ्यावं की ग्लोबल कॉव्हेनंट ऑफ मेयर्स, म्हणजे हवामानासाठी वचन देणाऱ्या शहरांच्या जीकॉम या आघाडीचं वचनपत्र द्यावं, यावर विचार चालू आहे. पुढे हरितगृह वायूंचा ताळेबंद, म्हणजे शहरामुळे ते किती सुटतात याचा हिशेब, लागणारच. हातात आहे ते असं: महावितरणची मंडलनिहाय वीजविक्री, पेट्रोल पंपांची यादी, गॅस एजन्सींचे सिलेंडरचे आकडे आणि कचरा वजनकाट्याच्या नोंदी. कचरा डेपो हद्दीबाहेर 4 किमीवर आहे. भुयारी गटार अर्ध्याहून कमी भागात, बाकी सगळे सेप्टिक टँक. सल्लागाराची निविदा काढण्याआधी कळायला हवं: हद्दीबाहेरचं किती धरायचं, आणि आकडे हमखास कुठे चुकतात?

हद्द_आणि_हिशेब
आधी संस्थांचं. इक्ली 1990 पासूनची, मुख्यालय बॉनला, दक्षिण आशियाचं कार्यालय दिल्लीत. तिथे वार्षिक वर्गणी असते, म्हणून महासभेचा ठराव (प्रशासक असेल तर प्रशासकीय ठराव) आणि अंदाजपत्रकात तरतूद लागते. जीकॉमला वर्गणी नाही, पण मुदती आहेत: वचन दिल्यापासून 2 वर्षांत ताळेबंद, उद्दिष्ट आणि धोक्यांचं मूल्यांकन, 3 वर्षांत कृती आराखडा. दोन्ही एकत्र चालतात. 2019 पासून सीडीपी (शहरं-कंपन्यांकडून पर्यावरणाची माहिती गोळा करणारी संस्था) आणि इक्लीचा अहवाल एकाच ऑनलाइन प्रश्नावलीत भरला जातो, त्यामुळे तोच आकडा दोनदा भरावा लागत नाही. परदेशी शहराशी थेट सामंजस्य करार हा मात्र वेगळा विषय. त्याचा प्रस्ताव नगरविकास विभागामार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे जाऊ द्या, सही त्यानंतरच.

मोजणीची पद्धत एकच, जीपीसी, म्हणजे शहरांच्या उत्सर्जन-हिशेबाची जागतिक नियमावली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी40 (मोठ्या शहरांचा हवामान गट) आणि इक्ली यांनी 2014 मध्ये ती आणली. तुम्ही ‘बेसिक’ पातळी धरा: इमारती-उद्योगांतली ऊर्जा, शहरातली वाहतूक आणि कचरा-सांडपाणी. ‘बेसिक प्लस’मध्ये औद्योगिक प्रक्रिया, शेती-जमीन वापर, हद्दीपलीकडचा प्रवास आणि वीजवहनातली गळतीही येते. पहिल्या वर्षी त्यात शिरू नका.

हद्दीचा नियम असा. जाळलं हद्दीत तर स्कोप 1, ग्रिडची वीज वापरली तर स्कोप 2, शहरामुळे बाहेर घडलं तर स्कोप 3. तुमचा डेपो बाहेर आहे म्हणून तो स्कोप 3, पण कचरा तुमचा, म्हणून ‘बेसिक’च्या बेरजेत तो येतोच. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून डेपो वगळलेले ताळेबंद सर्रास दिसतात आणि तपासणीत परत येतात. औष्णिक केंद्राचं उलट आहे. केंद्र हद्दीत असलं तरी ग्रिडला दिलेल्या विजेचं उत्सर्जन वेगळ्या रकान्यात दाखवायचं, ‘बेसिक’च्या बेरजेत नाही. नाहीतर चंद्रपूरसारख्या शहराचा दरडोई आकडा आभाळाला भिडेल.

आणखी एक. रकाना रिकामा ठेवू नका, शून्यही टाकू नका. घडतच नसेल तर ‘एनओ’, मोजलं नसेल तर ‘एनई’, दुसऱ्या रकान्यात धरलं असेल तर ‘आयई’ आणि शेजारी कारण. सी40 ची सिरिस ही एक्सेल फाइल मोफत मिळते, तिच्यात हे सगळे रकाने तयार आहेत.

फीडर_ते_मीटर
मंडलनिहाय आकडा उपयोगाचा नाही. मंडल म्हणजे जवळपास जिल्हा. उपविभाग आणि बिलिंग युनिटनिहाय विक्री मागा, तीही वर्गवारीसकट: घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक, पाणीपुरवठा, पथदिवे, सार्वजनिक सेवा. हद्दीवरच्या उपविभागात गावं मिसळलेली असतात, तिथे फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांची, यादी घेऊन शाखा अभियंत्यासोबत बसून वाटणी करा आणि ती लिहून ठेवा. उच्चदाब ग्राहकांची यादी वेगळी असते. ती मागायची राहिली, तर शहराचे मोठे कारखाने आणि रुग्णालयंच गायब होतात.

विजेमागच्या उत्सर्जनाचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा घ्या, अलीकडच्या वर्षांत तो मेगावॉट-तासाला 0.71 ते 0.73 टन कार्बन डायऑक्साइडच्या दरम्यान आहे. 1 कोटी युनिट म्हणजे 10,000 मेगावॉट-तास, म्हणजे सुमारे 7,200 टन. हे उदाहरण फाइलच्या वरच लिहून ठेवा, कारण ‘दशलक्ष युनिट’ आणि ‘लाख युनिट’ यांची गल्लत झाली की सगळं दहापट चुकतं. गॅसचं सोपं आहे. 14.2 किलोच्या सिलेंडरमागे सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड. फक्त एजन्सीचे ग्रामीण ग्राहक वजा करा आणि 19 किलोचे व्यावसायिक सिलेंडर वेगळे मोजा.

डेपो_आणि_गटार
तुमच्या वर्णनात सगळ्यात दुर्लक्षित राहील ते सेप्टिक टँक. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचे भारतासाठीचे आकडे: माणशी रोज 34 ग्रॅम बीओडी (सांडपाण्यातल्या कुजणाऱ्या सेंद्रिय भाराचं माप), किलोमागे कमाल 0.6 किलो मिथेन, सेप्टिकसाठी गुणक 0.5, म्हणजे कमाल मिथेनपैकी तिथे बनणारा वाटा. म्हणजे माणशी वर्षाला सुमारे 3.7 किलो मिथेन. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो असं धरलं तर 104 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. निम्मं शहर सेप्टिकवर असेल तर साडेपंधरा हजार टनांच्या आसपास. मलनिस्सारणाच्या प्रस्तावात हा आकडा मांडायलाच हवा. गटारामुळे पाणी स्वच्छ होतं हे सगळ्यांना पटतं, हवामानाचा हिशेब तिथे कुणी मांडत नाही.

डेपोसाठी ढिगाची उंची मोजा. अव्यवस्थापित ढीग 5 मीटरपेक्षा कमी असेल तर मिथेनचा गुणक 0.4, जास्त असेल तर 0.8. एवढ्या एका मापाने उत्तर दुप्पट होतं. वजनकाट्याच्या नोंदीतून बांधकामाचा राडारोडा वजा करा, त्यातून मिथेन निघत नाही. ओल्या कचऱ्याचं प्रमाण चाळणी-वर्गीकरण करूनच काढा, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

पर्यावरण_कक्ष
आभार, डेपोची उंची कुणीच मोजलेली नाही, ते लगेच करतो. पेट्रोल पंपांचं काय? चार पंप महामार्गावर आहेत. आणि आधारवर्ष 2020-21 चालेल का? त्याच वर्षी राज्याचं माझी वसुंधरा हे पर्यावरण अभियान सुरू झाल्याने बरीच माहिती एकत्र आहे.

हद्द_आणि_हिशेब
2020-21 नको. टाळेबंदीमुळे वाहतूक आणि दुकानांची वीज खाली गेली होती. त्या तळावर उद्दिष्ट ठेवलं तर पुढची प्रत्येक वर्षं वाढच दाखवतील. मुंबईच्या वातावरण कृती आराखड्यात आधारवर्ष 2019 आहे. तुम्ही 2019-20 किंवा अलीकडचं पूर्ण वर्ष घ्या. सलग 12 महिने असले की झालं, एप्रिल ते मार्च चालतं.

पंपांसाठी विक्रीची पद्धत घ्या, लिटरमागे कार्बन डायऑक्साइड पेट्रोलचा साधारण 2.3 किलो, डिझेलचा 2.65 किलो. महामार्गावरच्या चार पंपांचं डिझेल वेगळ्या ओळीत ठेवा, बाहेरचे ट्रक तिथेच भरतात. त्यातला शहराचा वाटा ठरवायला पंपावर दोन दिवस गाड्यांची मोजणी करा: शहरातच फिरणाऱ्या किती, जाणाऱ्या किती. पुढच्या ताळेबंदात तीच पद्धत ठेवा. पद्धत बदलायचीच असेल तर आधारवर्षही नव्या पद्धतीने पुन्हा काढावं लागेल, आणि ही अट निविदेतच घाला.