मदत हवी आहे: शेड्यूलमध्ये शॉवेल-डंपरचे बंद तास कसे धरायचे?

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी बसून एका चुनखडीच्या खाणीचं वार्षिक उत्पादन शेड्यूल करतोय. वर्षाचे 8760 तास, उपलब्धता (मशीन चालू स्थितीत असण्याचा वेळ) 85 टक्के, त्यातला वापर (प्रत्यक्ष कामाचा वेळ) 75 टक्के धरला की शॉवेलला, म्हणजे डंपर भरणाऱ्या मशीनला, साधारण 5585 तास मिळतात. हे तास बारा महिन्यांत सारखे वाटून टाकले की जुलैचं टार्गेट हमखास कोसळतं. हॉल रोडवर, म्हणजे खाणीतल्या डंपरच्या रस्त्यावर, चिखल झाला की धडधाकट मशीनही उभं राहतं. तो तोटा वापरात धरायचा, उपलब्धतेत नाही, एवढं मला पटलंय.

अडलंय ते पुढे. लॉगबुकात नुसतं ‘बंद, 3 तास’. होज (मशीनचा तेलाचा पाइप) फुटला होता की ब्लास्टिंगसाठी मशीन मागे घेतलं होतं, पत्ता लागत नाही. शिवाय शॉवेल थांबलं की मागे 5 डंपर रांगेत. डंपरच्या वापराचा टक्का त्या रांगेमुळे आधीच घसरलेला. शेड्यूल तपासायला कॉम्प्युटरवर चालवलेल्या सिम्युलेशनने रांग पुन्हा मोजली, तर तोच तोटा दोनदा धरला जातो ना?

तुम्ही दोन बिघाडांमधला सरासरी काळ आणि दुरुस्तीचा काळ घेऊन सिम्युलेशनमध्ये रँडम बिघाड टाकता, की महिन्यागणिक वेगळे टक्के? फोरमनसोबत बसून जुन्या नोंदी लावायची माझी तयारी आहे. कारणांचे कोड कसे पाडले, तेवढं तरी सांगा.