आईचा मुक्काम वाढवायचाय: १ सप्टेंबरच्या आत काय काय करावं?

प्रेषक: मकरंद (कोलंबस, ओहायो, मूळ औसा)
९ जुलै

नमस्कार मंडळी,

आई-बाबा २ मार्चला आले. पासपोर्टवर व्हिसा दहा वर्षांचा आहे, पण विमानतळावर सहा महिने मिळाले. आय-९४ वर (म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर) १ सप्टेंबर दिसतोय. परतीची तिकिटं २८ ऑगस्टची, दोघांची एकत्र. आखणी सरळ होती: एप्रिलअखेर बाळंतपण, मग बारसं, जरा फिरणं, आणि महालक्ष्म्यांच्या आधी दोघं औश्यात.

बाळ मात्र वेळेच्या बरंच आधी आलं. दवाखान्यातला मुक्काम लांबला, आत्ता कुठे घरी आलंय. बारसं व्हायचंय. ऑक्टोबरपर्यंत तपासण्या ठरलेल्या आहेत. आई म्हणते, इतके दिवस पेटीच्या काचेतूनच बघितलं, आता कुठं मांडीवर आलाय, अन् मी लगेच बॅगा भरू? बाबांचं अगदी उलट. "मी इथं एसीत बसून काय करायलोय? तिकडं सोयाबीन फुलावर येईल. पुतण्याच्या भरवशावर किती दिवस सोडायचं?"

तर प्रश्न असे. मुदत वाढवून मिळते का? दोघांची वाढवावी लागते की एकट्या आईची चालते? आणि यामुळे पुढच्या वेळी यायला अडचण होते का? या मेल-यादीत गावाकडची वडीलधारी मंडळीही आहेत, त्यांचंही मत हवंय. बाबा तिथल्यांचंच ऐकतात.

मकरंद

*

प्रेषक: संतोष (डॅलस, मूळ परभणी)
९ जुलै

मकरंदभाऊ, एवढं टेन्शन कशाला? व्हिसा दहा वर्षांचा आहे ना? मग तारीख संपली कुठे? आमच्या ओळखीतले एक काका आठ महिने राहून गेले, कोणी हूं की चूं केलं नाही. तिकीट पुढे ढकला, झालं.

संतोष

*

प्रेषक: सुनंदा (एडिसन, न्यू जर्सी, मूळ अंबाजोगाई)
१० जुलै

संतोष, तू धीर द्यायला लिहिलंस हे कळतं. पण हे उद्या कोणी वाचून तसंच करायला नको, म्हणून रात्रीच बसून लिहितेय.

व्हिसावरची तारीख म्हणजे त्या तारखेपर्यंत अमेरिकेच्या दारात येऊन उभं राहता येतं, एवढंच. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ वर असतं. आता कागद हातात देत नाहीत, सीबीपीच्या (तिथल्या सीमा-कस्टम्स खात्याच्या) साइटवर पासपोर्ट क्रमांक घालून बघायचं. प्रत्येकाचं वेगळं बघा. बऱ्याचदा नवराबायको एकाच रांगेतून येतात आणि तारखा वेगळ्या पडतात, कारण एकाचा पासपोर्ट आधी संपत असतो आणि अधिकारी तिथपर्यंतचीच तारीख देतो.

ती तारीख एका दिवसाने जरी ओलांडली, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून परत गेलं तर तीन वर्षं येता येत नाही, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. "कोणी विचारलं नाही" हे जाताना खरं असतं. विचारतात ते पुढच्या वेळी, मुलाखतीच्या खिडकीवर. तुझ्या त्या काकांनी कदाचित रीतसर अर्जही केला असेल. घरातली मोठी माणसं असल्या गोष्टी चारचौघांत सांगत नाहीत.

आता मकरंदचं. अर्जाचं नाव आय-५३९. तारीख संपायच्या आत तो यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खात्याकडे) पोचला पाहिजे, आणि तेच सांगतात की निदान ४५ दिवस आधी करा. १ सप्टेंबरच्या ४५ दिवस आधी म्हणजे १८ जुलै. म्हणजे तुझ्याकडे हा आठवडा आहे. १८ नंतर करता येत नाही असं नाही, पण कशाला? १ एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन भरलास तर ४२० डॉलर, कागदावर ४७०. बोटांच्या ठशांची वेगळी ८५ डॉलरची फी असायची, ती आता नाही. ठसे द्यायला बोलावलं तर जायचं. नवराबायको दोघांचा असेल तर एकाच अर्जात दुसऱ्याचं नाव जोडता येतं, फी एकच. एकट्या आईचा केला तरी चालतो, बाबांना त्यात ओढायची गरज नाही. घाईची जादा फी भरून लवकर निकाल मिळवायची सोय विद्यार्थ्यांना वगैरे आहे, आपल्या आईवडिलांच्या बी-२ ला, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसाला नाही.

अर्ज वेळेत गेला की पावती येते, आय-७९७सी. निकाल लागेपर्यंत आईचं राहणं बेकायदा धरत नाहीत. निकालाला कित्येक महिने लागतात, आणि पुष्कळदा माणूस परत जाऊन घरी रुळतो तेव्हा तो येतो. निकालाआधी निघून गेलं तर अर्ज सोडून दिला असं होतं, त्यात गैर काही नाही. फक्त ती पावती आणि विमानाचा बोर्डिंग पास जपून ठेवायचा; पुढच्या वेळी "सप्टेंबरनंतर कशी राहिलात?" म्हणून विचारलं तर तेवढेच दोन कागद उत्तर देतात. नकार आला आणि १ सप्टेंबर उलटून गेलेला असेल, तर मात्र लगेच निघायचं. तेव्हा व्हिसाही जातो आणि नव्याने अर्ज करून, मुंबई किंवा हैदराबादला मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत वाट बघत बसावं लागतं. तिशीतल्या माणसाला ते जमतं, सत्तरीतल्याला नको वाटतं.

म्हणून मला विचारायला येतात त्या बहुतेकांना मी वाढवू नका असंच सांगते. राहावंसं वाटतं, इथला फॉल बघायचाय, तिकीट ऑक्टोबरात स्वस्त आहे, या कारणांसाठी व्हिसा पणाला लावू नये. आता जा, वर्षभराने या. जितके महिने राहिलात तितके महिने बाहेर काढलेच पाहिजेत असा काही नियम नाही, लोक उगाच सांगतात. पण सहा महिने राहून, चार आठवडे घरी जाऊन पुन्हा दारात उभं राहिलं तर अधिकाऱ्याच्या कपाळाला आठी पडणारच.

तुमचं कारण या सगळ्यांहून वेगळं आहे, आणि इथेच सांभाळून लिहायचं. अर्जासोबत एक पत्र द्यावं लागतं: का थांबायचं, हे थांबणं तात्पुरतं कसं, परत जायची काय तजवीज केली आहे, आणि गावाकडच्या घरादारावर, नोकरीवर काय परिणाम होतो. "सून कामावर जाणार, बाळ सांभाळायला कोणी नाही, म्हणून सासूबाई हव्यात" असं असेल, तर ते पाहुणी म्हणून राहणं की बिनपगारी दाईचं काम, यावर तिथला माणूस अडू शकतो. मी खोटं लिहा म्हणत नाहीये. उलट आधी घरात बसून ठरवा की खरं कारण कोणतं. बाळ आजारी होतं, भेट अशी झालीच नाही, बारसं राहिलं, तपासण्या ऑक्टोबरपर्यंत आहेत, हे खरं असेल तर दवाखान्याची पत्रं जोडा आणि तेच लिहा. डेकेअरचे पैसे वाचवायचे असतील तर अर्ज करू नका.

सोबत आय-९४, पासपोर्टची प्रत (वाढीव तारखेच्या पुढेपर्यंत चालणारा हवा), तुझे बँकेचे कागद, बाबांच्या पेन्शनचा कागद, सातबारा-आठ अ इंग्रजी भाषांतरासह, आणि बदललेलं परतीचं तिकीट. सहा महिने मागता येतात म्हणून सहा महिने मागू नका. जेवढे लागतात तेवढेच मागा.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. इन्शुरन्स संपायच्या आत वाढवा. एकदा खंड पडला की नवा घ्यावा लागतो, आणि आधीपासूनच्या बीपी-शुगरबाबत बहुतेक पॉलिसी अचानक उद्भवलेला त्रासच तेवढा धरतात. दुसरं, गोळ्या. सहा महिन्यांच्या आणलेल्या संपतील. ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला घरून औषधं मागवता येतात, पण पाकिटात डॉक्टरांचं पत्र, इंग्रजीतली चिठ्ठी आणि पासपोर्ट-व्हिसाची प्रत हवी. नुसतं मेडिकलवाल्याकडून डबा भरून कुरिअर केला तर कस्टम्समध्ये अडकतो. त्यापेक्षा इथल्या डॉक्टरकडून लिहून घेणं सोपं. बीपीच्या साध्या गोळ्या इथे महाग नाहीत.

मी वकील नाही. पूर्वी कधी व्हिसाची भानगड झालेली असेल तर वकिलालाच दाखव.

सुनंदाताई

*

प्रेषक: वैभव (म्युनिक, मूळ हिंगोली)
१० जुलै

ताईंचं वाचून आपली अमेरिकावाली मंडळी किती सुखात आहेत ते कळलं! इकडे शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, बस्स. बाळंतपणासाठी आलेली आई तीन महिन्यांत परत. सगळे देश मिळून ९०, त्यामुळे जर्मनीचे संपले की स्पेनला जाऊन राहू, असंही चालत नाही. मुदत वाढवतात ती व्हिसा कोडच्या ३३व्या कलमाखाली: माणूस दवाखान्यात पडला किंवा परत जाणंच अशक्य झालं तर फुकट, घरगुती पण तितकंच गंभीर कारण असेल तर ३० युरो घेऊन. नातू गोड आहे हे गंभीर कारणात धरत नाहीत, मी विचारून बघितलंय. आणि ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी यंत्रावर चेहरा आणि बोटांचे ठसे घ्यायला लागलेत, त्यामुळे दिवस यंत्रच मोजतं.

व्हिसाच्या स्टिकरवरही दोन वेगळ्या गोष्टी असतात, तारखा आणि दिवसांची संख्या. तारखा लांबच्या दिसल्या तरी दिवस संपले की संपले. घरच्यांना हे विमानात बसायच्या आधी सांगा.

वैभव

*

प्रेषक: मामा (लातूर)
११ जुलै

चि. मकरंद यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सुनंदाबाईंचे उत्तर, दोन्ही चिरंजीवाने छापून दिले. सुनंदाबाईंनी आमच्या बँकेच्या शाखेत कारकुनी केली असती तर मला एवढ्या लवकर चष्मा लागला नसता.

मी आणि तुझी मामी लेकीकडे राहून आलो आहोत, म्हणून दोन शब्द. पुरुषमाणसाला तिथे तीन महिन्यांनंतर करमत नाही. गाडी चालवता येत नाही, पारावर बसायला पार नाही, पेपर नाही. सकाळी फिरायला गेलं की आपलाच एखादा आंध्राकडचा पेन्शनर भेटतो, त्याच्याशी हैदराबादी हिंदीत दोन गोष्टी होतात, तेवढाच दिवस. तुझ्या वडलांनी मार्चपासून काढले, पुष्कळ झाले. त्यांना आता अडवू नकोस.

इकडची परिस्थिती: पाऊस मृगात बरा झाला, मग ओढ दिली, आता पुन्हा रिपरिप चालू आहे. पेरा झाला आहे, तुमचा तुकडाही हिरवा आहे, परवा औश्याला गेलो तेव्हा बांधावर जाऊन आलो. पुतण्या लक्ष घालतो, पण फवारणी कोणती अन् कधी, यावर त्याचं आणि सालगड्याचं पटायना. ऑगस्टात ई-पीक पाहणी सुरू होईल. ती शेतात उभं राहून मोबाइलवर फोटो काढूनच करावी लागते. पोरगा करील म्हणा, पण सातबारा तुझ्या वडलांच्या नावावर आहे आणि त्यांना दुसऱ्याने केलेलं काही पटत नाही, हे तुला ठाऊकच. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदनही आहे. शाळेतून निवृत्त झाले तरी ते त्या मैदानावर नाहीत असं एकही वर्ष मला आठवत नाही.

आता तुझ्या आईचा प्रश्न. ती फोनवर "राहते" म्हणते, पण मामीला वेगळं बोलली. महालक्ष्म्या कोण बसवणार, हा घोर आहे. मुखवटे तिच्या सासूच्या वेळचे, कपाटाची किल्ली तिच्याकडे. मी काल तुझ्या काकूशी बोललो. ती म्हणाली, "जाऊबाईंना सांगा, किल्ली भावजींसोबत पाठवा, सोळा भाज्या मी निवडीन अन् फुलोराही करीन. त्यांनी नातू बघावा." हे तिला तू सांगू नकोस, काकूलाच फोन करू दे. जावेनं जावेला सांगितलेलं वेगळं पडतं.

अर्जाबाबत माझं मत सुनंदाबाईंसारखंच. बँकेत आम्ही कर्जाची मुदतवाढ मागणाऱ्याला एकच विचारायचो, किती दिवस आणि कशावरून. ज्याला दोन्ही सांगता यायचं त्याचं काम व्हायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळी आहे. तिला दिवाळीला घरी आण. ही तारीख कुठल्याही साहेबाला समजावून सांगता येते.

मामीचा निरोप: बाळाला पाळण्यात घालताना फोन लावा, नाव इकडूनही कानात सांगायचं आहे.

मामा

*

प्रेषक: मकरंद
१४ जुलै

सगळ्यांचे आभार. काल रात्री ठरलं.

आईचा एकटीचा आय-५३९ ऑनलाइन भरला, पावती डाउनलोड झाली. सहा महिने न मागता ५ नोव्हेंबरपर्यंत मागितले. तिकीट त्याआधीचं, फी भरून बदललं, त्याची प्रत जोडली. पत्रात बाळाचं दवाखान्यात राहणं, तपासण्यांच्या तारखा आणि बारसं एवढंच लिहिलं. सुनंदाताई, डेकेअरचं म्हणाल तर बायकोची रजा संपल्यानंतरसाठी आम्ही जागा धरून ठेवली आहे, म्हणून ते मनावरून उतरलं. तुम्ही विचारलं नसतं तर मी ते पत्रात भलत्याच पद्धतीने लिहिलं असतं एवढं खरं. इन्शुरन्स नोव्हेंबरपर्यंत वाढवला. गोळ्यांसाठी इथल्या डॉक्टरची वेळ घेतली.

मामा, काकूचा फोन आला होता. आई अर्धा तास बोलली आणि नंतर बाबांच्या बॅगेत किल्ली कुठल्या कप्प्यात ठेवायची यावर अर्धा तास.

संतोष, राग मानू नकोस, तुझा मेल आल्यामुळेच ताई रात्री बसल्या.

आता शेवटची विनंती. बाबांचं तिकीट अलीकडच्या तारखेला आणलंय. १२ ऑगस्टला कोलंबसहून निघून, न्यूयॉर्क आणि दोहा असं दोनदा विमान बदलून हैदराबाद. शमशाबादला पुतण्या गाडी घेऊन येईल, तिथून जहीराबाद-बीदरमार्गे औसा. पण बाबा येताना आईच्या जोडीने आले होते, एकट्याने हा पहिलाच प्रवास. इंग्रजी वाचता येतं, पण अमेरिकी उच्चार कळत नाहीत. व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. त्यावर त्यांचं म्हणणं, "मी काय पांगळा हाय का?" त्या दिवशी किंवा मागेपुढे एखाद्या दिवसाने न्यूयॉर्कहून दोहामार्गे हैदराबादला कोणाचे आईवडील, कोणी ओळखीचं जात असेल तर कृपया मला वेगळा मेल करा. तारीख दोन दिवस इकडेतिकडे करता येईल. सामानात जागा आहे, कोणाला औसा-लातूर-निलंगा भागात काही छोटं पाठवायचं असेल तर तेही नेतील. फक्त औषधं आणि लॅपटॉप नको.

मकरंद

*

प्रेषक: संतोष
१४ जुलै

राग कसला! माझ्या सासूबाई १३ ऑगस्टला डॅलसहून दोहामार्गे हैदराबादला चालल्यात, मग पुढे परभणी. काकांची तारीख एका दिवसाने पुढे गेली तर दोहा-हैदराबाद एकच विमान मिळतं का ते बघतो. फ्लाइट नंबर मेल करायलोय. सासूबाई बोलघेवड्या आहेत, तेवढी काकांना कल्पना देऊन ठेव.

संतोष