अनुभव धागा: यात्रेचं कुस्ती मैदान, लांबून बघणाऱ्यांसाठी

तांबडी_माती
दुपारी एका यात्रेच्या मैदानाचं लाइव्ह लावलं होतं. चित्र अडकलेलं, पण आवाज आला. हलगीचा ठेका, शिंगाची लांब फुंक आणि निवेदकाचं "पंचांनी हौद्यात यावं" (हौदा म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा). मग कामात लक्ष लागेना, म्हणून हा धागा. नुसतं "मैदान लई भारी असतंय" एवढं लिहून थांबू नका. काय, कसं, किती, का, हे लिहा. बाहेरगावी वाढणाऱ्या पोरांना ते कोण सांगणार?

सुरुवात मातीपासून करतो. काळी माती चालत नाही. भिजली की चिकटते आणि वाळली की तिला ढेकळं, भेगा. डोंगराकडची तांबडी आणायची, दगड-मुळ्या वेचायच्या आणि चाळून घ्यायची. मग त्यात ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर, काव (गेरूसारखी तांबडी माती). तेलानं माती मऊ राहते, धूळ कमी उडते. पण तेल जास्त पडलं की पकड सटकते, म्हणून तेल शेवटी आणि बेतानं. ओल बघायची ती मुठीनं. मूठभर माती दाबली की लाडू व्हायला हवा आणि बोटानं टिचकी मारली की फुटायला हवा. लाडू झालाच नाही तर कोरडी, नाकातोंडात जाणार. टिचकीनं फुटला नाही तर ओली, पाय रुतून गुडघा पिळणार.

कृष्णाकाठ
एक नंबर विषय काढला दादा. त्यात भर घालतो. माती मिसळली म्हणजे हौदा झाला असं नाही, ती रोज उकरावी लागते. वरवर ओरबाडून भागत नाही, फावडं वीतभर खाली गेलं पाहिजे. वर भुसभुशीत आणि खाली पाटा झालेला हौदा सगळ्यात वाईट, कारण दिसायला मऊ आणि फेकल्यावर खांदा आपटतो दगडावर. उकरून झालं की फळीवर एक पोरगं बसवायचं आणि दोघांनी दोरीनं ओढायची. माती सपाट होते आणि ओढणाऱ्याची मेहनत पण होते.

तालमीतला हौदा वेगळा, यात्रेतला वेगळा हे पण लक्षात घ्या. यात्रेत माती ट्रॉलीनं येते आणि एका दिवसासाठी पसरतात. आदल्या रात्री पाणी मारायचं, पहाटे उकरायची. भर उन्हात कुस्तीच्या तोंडावर पाणी मारलं की वरचा थर निसरडा आणि खाली भुगा. पहिल्या दहा जोडीत कुणाचा तरी पाय गेलाच म्हणून समजा.

वारणेची_पोर
काव कशाला घालतात, रंगासाठी का?

तांबडी_माती
रंग येतोच ताई. जुने वस्ताद म्हणतात थंड असते. हळद कातडीसाठी, कापूर वासासाठी. ताकानं माती अंगाला चांगली धरते.

दुबईकर_भाऊ
इथं आपण दीड तास मागं. पत्रिकेवर मोठी कुस्ती ५ वाजता लिहिलेली असली तरी ती साडेसातच्या आत लागत नाही, म्हणजे इकडचे ६. ड्युटी सुटल्यावर लावलं तरी सापडते. लंडनवाल्यांनो, उन्हाळ्यात तुम्ही साडेचार तास मागं, तुमची दुपारच असणार.

गावाकडून लाइव्ह करणाऱ्यांना हात जोडून विनंती, फोन कर्ण्याखाली ठेवू नका. आम्हाला नुसती घरघर येते, डाव कुठला लागला ते कळतच नाही.

कॅमेरावाला_मिरज
मान्य. लाइव्ह करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. स्टँड माणसाच्या डोक्याच्या वर, साधारण सात फूट. खाली ठेवला की कडेला उभा राहणाऱ्या पंचाची पाठच दिसते. सूर्य आपल्या पाठीशी पाहिजे. दुपारचं मैदान असेल तर पूर्वेकडं बसायचं नाही, संध्याकाळी पैलवान काळे आकार दिसतात. हलगी जवळ आली की माइक फाटतो, म्हणून माइक हौद्याकडं आणि वाजंत्र्यांकडं पाठ. एप्रिलच्या उन्हात फोन तापून बंद पडतो. त्यावर छत्री धरायची, कव्हर काढायचं, आणि चार्जिंग लावून शूटिंग करायचं नाही, त्यानं अजून तापतो. गर्दी वाढली की रेंज जातेच, इलाज नाही. दुसऱ्या फोनवर साधं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि रात्री घरी जाऊन टाका. लांबची माणसं रात्री बारालाही बघतात.

माणदेशी
आम्ही बघतो, खरंय.

पन्हाळ्याच्या_पायथ्याशी
जोड कशी लागते ते कुणी सांगितलं नाही अजून. बारक्यांची जोड जागेवर लागते. पोरं रांगेत बसतात, कमिटीतली जाणती माणसं दोघांना उभं करतात, उंची बघतात, दंड-मांडी चाचपतात आणि हात मिळवून देतात. वजनकाटा नाही, नजर. सुरुवात रेवड्यांच्या कुस्तीनं, म्हणजे बक्षीस रेवड्या, मग नारळ, मग इनाम चढत जातं. मोठ्या जोडी आधी ठरलेल्या असतात आणि पत्रिकेवर छापतात.

कमिट्या चुकतात ते इथंच. रेवड्यांवर दीडशे पोरं घेतात, एका हौद्यात चार-चार जोडी सोडतात, तरी दिवस मावळतो. मग मोठी कुस्ती अंधारात, दिव्याखाली, घाईघाईत. वीस मिनिटांची खडाखडी (उभ्या-उभ्या चाललेली झटापट) बघायला थांबलेली माणसं निकाल गुणांवर ऐकून घरी जातात. बारक्या जोडींना पाच मिनिटं, नाही तर बरोबरीत सोडवा. पण पोरं परत पाठवू नका, उद्याचा पैलवान त्यातच असतो.

कोल्हापूर_ते_कॅनडा
कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बसून बघितलंय का कुणी? शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ सालचं. मध्ये हौदा आणि चहूबाजूनं चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. साध्या शेतातल्या मैदानात मागच्या रांगेला नुसता फेटा दिसतो आणि टाळ्या ऐकून समजायचं. खासबागेत शेवटच्या पायरीवरनं पण पट काढलेला (पाय धरून खाली खेचलेलं) दिसतो.

दिलबहार_की_पीटीएम
कोल्हापूरचा विषय निघालाय तर फुटबॉलचं पण घ्या की भावांनो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, नावं सगळी तालमींची आणि संघ फुटबॉलचे! बाहेरचा माणूस विचारतो, तालीम म्हणजे कुस्ती ना? पेठेतली पोरं एकत्र येतात ती जागा म्हणजे तालीम. आत हौदा, बाहेर रस्त्यावर फुटबॉल, गणपतीत मंडळ पण तेच. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ उठून जाते. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तो आपल्याकडचाच.

पन्हाळ्याच्या_पायथ्याशी
धागा कुस्तीचा आहे, पण अनिकेतसाठी माफ.

दिलबहार_की_पीटीएम
नाद खुळा 🙏

शाळामास्तर_पलूस
मुलं विचारतात धोबीपछाड म्हणजे नक्की काय, कुणीतरी नीट सांगा. टीव्हीवर प्रत्येक फेकीला धोबीपछाडच म्हणतात.

कृष्णाकाठ
गुरुजी, समोरच्याचा एक हात दोन्ही हातांनी धरायचा. गर्रकन वळून आपली पाठ त्याच्या छातीला भिडवायची, त्याला पाठीवर घ्यायचं आणि खांद्यावरून पुढं आपटायचं, धोबी दगडावर कपडा आपटतो तसं. तीन ठिकाणी फसतो. एक, वळल्यावर आपली कंबर त्याच्या कंबरेच्या खाली गेली नाही तर तो उचलला जात नाही. दोन, पाठ आणि छातीत फट राहिली तर तो मागून कंबर धरतो, म्हणजे आपण होऊन कब्जा दिला. तीन, हात सैल पडला की तो बाजूनं निसटतो आणि आपण एकटेच तोंडावर. म्हणून पोरांना आधी नुसतं वळायला शिकवतात. फेकायचं नाही, वळायचं आणि बसायचं, शंभर वेळा.

मॅटवाला
एक सांगतो, राग मानू नका. मातीवर पाठ लागली की कुस्ती संपली. मॅटवर चितपट तर आहेच, पण गुण पण मोजतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. पट काढून खाली घेतलं आणि मागून ताबा मिळवला की २, वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला १. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांचा फरक पडला की लढत तिथंच थांबते. मातीतला पैलवान ताकद राखून खडाखडी करतो, पाय मातीत रोवतो. तसाच मॅटवर उतरला की पहिल्या दोन मिनिटांत चार-सहा गुण देऊन बसतो. पाय रुतत नाही, बूट पकडतो, सगळा हिशोब वेगाचा.

म्हणून महाराष्ट्र केसरीची रचना मला पटते. माती विभागाचा वेगळा विजेता, गादीचा (म्हणजे मॅटचा) वेगळा, आणि मानाच्या गदेसाठी दोघं समोरासमोर.

कराडची_माती
खाशाबा जाधवांचं नाव आलं नाही अजून? गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅट नवीन, तरी सहावे. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बँटमवेट, ५७ किलो. त्यांचा वाढदिवस १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन. त्या दिवशी परदेशातल्या पोरांना एक बैठक तरी मारायला लावा.

वारणेची_पोर
आणि पोरींचं? मार्च २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, सांगलीचीच. पत्रिकेवर मुलींच्या जोडी सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात छापणं बंद करा कमिटीवाल्यांनो. मुलींच्या जोडी दुपारी ४ च्या आत लावा. लांबून आलेल्या मुलींना परतीची एसटी असते.

पन्हाळ्याच्या_पायथ्याशी
ताई, शंभर टक्के.

डॉक्टर_इस्लामपूर
कानाबद्दल लिहू का? फुटलेला कान म्हणजे पैलवानाची खूण, हे डोक्यातून काढा. घासून-आपटून कातडी आणि कुर्चा यांच्यात रक्त साठतं. कुर्चेला खाणं-पिणं कातडीकडूनच मिळतं, ते तुटतं. मग कान आक्रसतो, कडक होतो, कायमचा. कान मऊ फुगलेला असतानाच, पहिल्या दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडून रक्त काढून घ्यायचं आणि वर दाबपट्टी. दाबपट्टी नसली की परत भरतं. घरी सुईनं टोचू नका. पू झाला तर कानच जाईल.

अंगावर गोल खाजरे चट्टे आले तर तो गजकर्ण. लंगोट रोज धुवून उन्हात वाळवा, दुसऱ्याचा टॉवेल नको आणि चट्टा बरा होईपर्यंत हौद्यात उतरायचं नाही. मातीत हळद आहे म्हणून काही होत नाही, हा समज चुकीचा.

लंडनची_काकू
थंडाईचं प्रमाण पाहिजे होतं, मुलगा व्यायाम करतो.

माणदेशी
काकू, एका माणसाला २० बदाम रात्री भिजत घाला. सकाळी साली काढा. दोन चमचे भिजवलेली खसखस, एक चमचा बडीशेप, पाच-सहा काळी मिरी, दोन वेलदोडे. कुंडीत घोटायचं, थेंब-थेंब पाणी घालत. मिक्सरला एकदम जोरात फिरवलं की गरम होऊन बदाम तेल सोडतो आणि चव चिकट होते, म्हणून थांबून थांबून, गार पाणी घालून. गाळा, गार दूध पेलाभर, खडीसाखर. व्यायाम झाल्या-झाल्या नाही, घाम वाळल्यावर.

लंडनची_काकू
खसखस इथं मिळते. धन्यवाद रे बाळा. पांढऱ्या रश्श्याचं पण विचारणार होते, माझा फाटतो.

कोल्हापूर_ते_कॅनडा
काकू, नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळायचं नाही. गॅस बारीक, सारखं हलवत राहा, वाफ आली की बंद.

दुबईकर_भाऊ
ओ मंडळी, लाइव्ह बघा! मोठी लागली. दोघं माती कपाळाला लावतायत.

कॅमेरावाला_मिरज
माझ्याकडं गोल फिरतंय. कुणाकडं चालू आहे?

माणदेशी
आवाज येतोय. सलामी झाली. लिहितो मी, थांबा.