हे युद्ध लढणार नाही, असं म्हणायचा हक्क सैनिकाला असावा का?

कृष्णाकाठ

2003 साली अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितलं होतं, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. थोडेथोडके नाही, पूर्ण एक डिव्हिजन. 14 जुलैला वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने नकार कळवला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, असं सांगितलं. म्हणजे देश म्हणाला की हे युद्ध आमचं नाही, आणि त्यासाठी कुणी देशाला भित्रा ठरवलं नाही.

आता समजा, समितीने त्या दिवशी होकार दिला असता. आणि निघालेल्या पलटणीतला एखादा लेफ्टनंट म्हणाला असता, "सियाचीनला पाठवा, आत्ता बिस्तरा बांधतो. इराकला मात्र येणार नाही." कारण तेच, जे सरकारने दिलं. पण सरकारने दिलं की ते परराष्ट्र धोरण, आणि त्याने दिलं की कोर्ट मार्शल!

असा एक लेफ्टनंट खरोखर होऊन गेला, अमेरिकेच्या सैन्यात. एरेन वाताडा. 2003 मध्ये स्वतःहून भरती झाला. इराकला जायची वेळ येणार म्हणून त्या युद्धाबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि हे युद्धच बेकायदेशीर आहे अशा निष्कर्षाला आला. जानेवारी 2006 मध्ये त्याने राजीनामा देऊ केला, तो नामंजूर झाला. अफगाणिस्तानात जायची तयारी दाखवली, तीही नामंजूर. जूनमध्ये त्याची ब्रिगेड निघाली तेव्हा तो गेला नाही. पळालाही नाही. तळावरच राहिला, नेमून दिलेलं काम करत राहिला आणि खटल्याला सामोरा गेला. फेब्रुवारी 2007 मधला खटला मधेच रद्द झाला, तो पुन्हा चालवायला संघराज्य न्यायालयाने अटकाव केला आणि 2009 मध्ये त्याला सैन्यातून मोकळं केलं.

माझं मत सरळ आहे. देशावर हल्ला झालेला नसताना सरकार आपण होऊन बाहेरच्या युद्धात उतरत असेल, तर निघण्यापूर्वी, उघडपणे, कारण सांगून नकार द्यायची सोय सैनिकाला हवी. नोकरी जावी, पेन्शन जावी, हरकत नाही. तुरुंग नको आणि 'गद्दार' हा शिक्काही नको.

माजी_सुभेदार

ताई, लेख मनापासून लिहिलाय, म्हणून उत्तरही मनापासून देतो.

मी 1987 ला श्रीलंकेत होतो. शांतिसेना म्हणून गेलो आणि लढाई गळ्यात पडली. हे आपलं युद्ध आहे का, हा प्रश्न आम्हाला पडला नाही असं समजू नका. रात्री पोस्टवर बसलो की त्याच गप्पा. पण सकाळी गस्त निघायची तेव्हा निघायचोच. एलएमजी म्हणजे हलकी मशिनगन; ती चालवणाऱ्या नंबर एकला मदतीला नंबर दोन लागतो. नंबर दोनची सदसद्विवेकबुद्धी आदल्या रात्री जागी झाली, तर नंबर एकने काय करायचं? गस्त रद्द होत नाही हो. दुसऱ्या कुणाला तरी उठवतात. कालच फिरून आलेल्या, झोप न झालेल्या पोराला. तुमच्या वाताडाच्या जागीही कुणीतरी गेलाच असेल ना? त्याचं नाव कुणाला माहीत आहे?

श्रीलंकेत आपले अकराशेहून जास्त जवान गेले. ते सगळे विचार न करणारे होते, असं या लेखातून नकळत निघतं. त्याचा मला त्रास झाला.

दुसरं म्हणजे, विवेक एकट्याचा राहत नाही. जून 1984 मध्ये सुवर्णमंदिरातल्या ब्लू स्टार कारवाईनंतर रामगडच्या शीख रेजिमेंटल सेंटरमध्ये काय झालं ते आठवा. कमांडंट ब्रिगेडिअर पुरी यांना त्यांच्याच माणसांनी मारलं. त्या पोरांनाही आपण धर्माने, विवेकाने वागतोय असंच वाटत होतं. पुढे त्या कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल वैद्य यांना आपल्या पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घातल्या, ऑगस्ट 1986 मध्ये. सैन्यात 'मला पटत नाही' या वाक्याला दार उघडलं की त्या दारातून कोण कोण आत येईल, हे तुम्ही ठरवू शकत नाही.

कृष्णाकाठ

सुभेदारसाहेब, श्रीलंकेत गेलेल्यांना कमी लेखायचा हेतू स्वप्नातही नव्हता. गेलेल्याचा मान आणि न जाणाऱ्याचा हक्क एकमेकांच्या आड येतात, असं मला वाटत नाही.

पण रामगडचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे शस्त्रागार फोडलं गेलं, माणूस मारला गेला. ते बंड होतं. शस्त्र खाली ठेवून 'मला शिक्षा करा' म्हणणारा आणि शस्त्र उचलून अधिकाऱ्याला मारणारा यांना एका रांगेत कसं बसवायचं? दार उघडण्याचं म्हणाल, तर रामगड घडलं तेव्हा नकाराची कुठलीच सोय नव्हती. दार बंद होतं, म्हणून भिंत फुटायची राहिली का?

तुमच्या नंबर दोनच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. म्हणूनच मी 'निघण्यापूर्वी' म्हटलंय. गस्तीच्या आदल्या रात्री नाही.

काळा_कोट

कायद्याचं बोलतो. आपल्या 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम 41 वरिष्ठाच्या आज्ञाभंगाचं आहे. आज्ञा 'कायदेशीर' असली पाहिजे, हे त्यातच आहे. म्हणजे नि:शस्त्र कैद्याला गोळी घाल म्हटलं तर नाही म्हणता येतं, किंबहुना म्हणायलाच हवं. पण ही तपासणी एका आज्ञेची आहे. अख्खं युद्ध कायदेशीर आहे का, हे सैनिकाने तपासावं असं त्यात अभिप्रेत नाही.

अमेरिकेतही वाताडाच्या आधीच हा निकाल लागला होता. मार्च 1971, जिलेट खटला. जिलेटचं म्हणणं होतं, देशाच्या रक्षणासाठी लढेन, व्हिएतनाममध्ये लढणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की सगळ्याच युद्धांना विरोध असेल तर सूट, एखाद्या युद्धाला असेल तर नाही. व्हिएतनामच्या वेळी भरतीला नकार देणारा मुष्टियोद्धा मुहम्मद अली त्याच वर्षी जूनमध्ये सुटला तो सरकारी प्रक्रियेतल्या चुकीमुळे. निवडक नकाराचा हक्क त्यालाही मिळाला नाही.

आणि मला जिलेटचा निकाल योग्य वाटतो. सगळ्या युद्धांना विरोध असणाऱ्याचं आयुष्य तपासता येतं. एका युद्धाला विरोध म्हणजे राजकीय मत, ते आज एक, उद्या दुसरं. शिवाय ज्याला इंग्रजी बोलता येतं, वकील परवडतो, त्याचा विवेक खरा ठरेल आणि बाकीचे जातील मरायला.

राइनकाठी_मराठी

काळा_कोट, 'एकाच युद्धाला नकार कायद्यात बसूच शकत नाही' असं वाटत असेल तर मी राहतो त्या देशाकडे बघा. जर्मनीत मेजर फ्लोरियान फाफ नावाचा अधिकारी एका सॉफ्टवेअर प्रकल्पावर होता. आपल्या कामाचा इराक युद्धाला हातभार लागेल असं वाटल्यावर त्याने 2003 मध्ये ते करायला नकार दिला. लष्करी न्यायालयाने त्याला मेजरचा कॅप्टन केला. तो अपिलात गेला आणि जून 2005 मध्ये लाइपझिशच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. गणवेश चढवला म्हणून विवेकाचं स्वातंत्र्य संपत नाही, आणि त्या युद्धाच्या कायदेशीरपणाबद्दल गंभीर शंका आहेत, असं म्हटलं. जर्मन सैन्य त्यामुळे कोसळलं नाही.

यामागे या लोकांचा इतिहास आहे. फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा ऑस्ट्रियातला शेतकरी, तीन लहान मुलींचा बाप, हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला. गावाने समजावलं, पाद्र्यांनी समजावलं, बिशपनेही घरच्यांचा विचार कर म्हणून सांगितलं. 9 ऑगस्ट 1943 ला त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या नकाराने युद्ध एक तासही कमी झालं नाही. पण आज काळा_कोट यांचा नियम लावला, तर त्यालाही आपण 'राजकीय मत आहे, जा लढायला' असंच सांगणार का?

घाटमाथा

सगळे फार वर वर बोलताय.

आमच्याकडे पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर पोरं पळतात. सैन्यभरतीच्या सोळाशे मीटरसाठी. कुणाच्या पायात भावाचे जुने बूट, कुणी अनवाणी. घरात दीड एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न व्हायचंय. आता तर अग्निवीर, चार वर्षं, आणि शंभरातल्या जास्तीत जास्त पंचविसांना कायम करणार. हा पोरगा इराकचा कायदा वाचणार आणि नोकरी सोडणार? मूळ लेखात 'पेन्शन जावी, हरकत नाही' असं लिहिलंय. कुणाला हरकत नाही? लिहिणाऱ्याला. त्या पोराच्या आईला विचारा.

वाताडा पदवीधर होता, अधिकारी होता. नकार ही ज्याला परवडते त्याची गोष्ट आहे. गरिबाच्या पोराला तुम्ही हक्क देणार आणि तो वापरला की उपाशी मारणार, तर तो हक्क नाही.

माजी_सुभेदार

घाटमाथा, हे अगदी खरं बोललास बाळा.

कृष्णाकाठ

घाटमाथा, पेन्शनचं वाक्य मागे घेते. फाफची नोकरी राहिली आणि वेगळं काम मिळालं, तसंच इथे हवं. पण तुमचा मुद्दा पुढे नेला तर तो माझ्याच बाजूचा आहे. ज्याला पोटासाठी भरती व्हावं लागतं, त्याला कुठल्याही युद्धात पाठवता येतं, हीच तर माझी तक्रार आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात पडले. 1914 च्या नोव्हेंबरात बसरा घेतलं ते सहाव्या पुणे डिव्हिजनने, आणि कुत शहराच्या वेढ्यात उपासमार काढून एप्रिल 1916 मध्ये शरण गेले त्यांत मराठा पलटणी होत्या. तेच इराक. त्या माणसांना कुणी विचारलं होतं?

तलवार_कुलाबा

विचारलं नाही, पण म्हणून सगळे गप्प बसले नाहीत. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप केला. आपण शाळेत शिकतो ते वाईट जेवण आणि शिवीगाळ. मागण्यांमध्ये आणखी एक गोष्ट होती, ती कुणी सांगत नाही. इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणा. डच राज्य परत बसवायला इंग्रज आपल्या जवानांना तिथल्या स्वातंत्र्यवाल्यांवर घालत होते, सुराबायाला नोव्हेंबर 1945 मध्ये मोठी लढाई झाली होती. 'आम्ही स्वातंत्र्य मागतोय आणि दुसऱ्याचं मोडायला आम्हालाच पाठवता', असा त्या मागणीचा अर्थ. एका ठरावीक युद्धाला विरोध याहून स्पष्ट काय असतो? आज कुलाब्यात त्यांचं स्मारक आहे.

माजी_सुभेदार

त्यांना माझाही सलाम. पण ते राजाचं सैन्य होतं, परक्या राजाचं. आज सरकार आपण निवडतो. पाच वर्षांनी घरी बसवू शकतो. सैनिकाने मत मतपेटीत द्यावं.

राइनकाठी_मराठी

व्हिएतनाममध्ये आणि इराकमध्ये सैन्य पाठवणारी सरकारंही निवडून आलेलीच होती. पाच वर्षांनी मतदान करायला जवान जिवंत असायला हवा.

समई

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी निसटते आहे. विवेक एकच उत्तर देतो असं धरून सगळे बोलत आहेत.

1940 च्या ऑक्टोबरमध्ये विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. इंग्रजांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे, असं जाहीर सांगून तुरुंगात गेले. त्याच युद्धात बाबासाहेबांनी तरुणांना भरती व्हायला सांगितलं. हिटलर जिंकला तर काय होईल हे त्यांना दिसत होतं, आणि सैन्याची बंद झालेली दारं आपल्या समाजाला परत उघडावीत हाही आग्रह होता. ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. दोघांनीही ते ठरावीक युद्धच तोललं. यांतल्या कुणाचा विवेक खोटा म्हणायचा?

मला स्वतःला त्या युद्धात बाबासाहेब बरोबर वाटतात. तरी विनोबांना तुरुंगात टाकणं बरोबर वाटत नाही. नकार देणारा चुकीचा असू शकतो. सरकारही चुकू शकतं. फरक असा की सरकार चुकलं तर माणसं परत येत नाहीत.

काळा_कोट

समई यांचा मुद्दा मान्य, आणि त्यावरून एक सुचवतो. आपल्याकडे सैन्य परदेशात पाठवायला संसदेच्या मंजुरीची घटनात्मक अट नाही. 2003 चा नकारही मंत्रिमंडळ समितीचाच होता, आणि होकार असता तर तोही तिचाच असता. एकेका जवानाला न्यायाधीश बनवण्यापेक्षा ही अट आणा. खुली चर्चा, नोंदवलेलं मतदान. मग जबाबदारी जिथे हवी तिथे राहील.

कृष्णाकाठ

ती अट आणाच, पहिली सही माझी. पण इराकसाठी अमेरिकेच्या काँग्रेसने ऑक्टोबर 2002 मध्ये मतदान केलं होतं. बहुमताने. त्यानंतरच वाताडाला जायचा हुकूम आला.

माजी_सुभेदार

ताई, तुमच्याशी सहमत नाही आणि होणारही नाही. पण एक सांगतो. श्रीलंकेहून 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा मद्रासला स्वागताला राज्याचे मुख्यमंत्रीही आले नव्हते. पाठवणाऱ्यांनी पाठवलं आणि विसरले. नकार द्यायचा हक्क मी माझ्या पलटणीतल्या कुणाला दिला नसता. मात्र आम्हाला का पाठवलं, हे समोर उभं राहून सांगायला पाठवणाऱ्यांपैकी एक तरी यायला हवा होता.