ग्राफिक्स कार्डाची मेमरी ताणताना (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवताना) काय काय घडलं? अनुभव सांगा

गोदाकाठ:
दिवाळीसाठी माळा आवरताना जुन्या १०६० कार्डाचं खोकं सापडलं. झाकणाच्या आत माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने: "४५० चालतं. ५०० ठिपके. ५५० गेला." भाच्याला वाटलं उधारीचा हिशोब आहे.

२०१७ चा डिसेंबर. तेव्हा गंगापूर रोडला राहायचो. खिडकी उघडी, कॅबिनेटचं झाकण काढलेलं, अंगावर गोधडी. आफ्टरबर्नर या वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी ५०-५० मेगाहर्ट्झने चढवायची, हेवन ही उडत्या जहाजाची टेस्ट लावायची आणि डोळे फाडून ठिपके शोधायचे. ४५० ला रात्रभर फिरवलं. आई पहाटे उठली, "ते जहाज अजून उडतंच आहे का रे? खाली मीटर पण उडतंय." सकाळी पास! ४००४ चे ४४५४ मेगाहर्ट्झ, बँडविड्थ (डेटा वाहायचा वेग) सेकंदाला १९२ जीबीची २१३. गेममध्ये सेकंदाला मिळाल्या तीन फ्रेम जास्त. त्या तीन फ्रेम मी कॉलेजात महिनाभर सांगत हिंडलो.

एप्रिलमध्ये त्याच ४५० वर आकाशाला हिरवी-गुलाबी ठिगळं. आठवडाभर ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) शिव्या घातल्या, मग डोक्यात आलं की पास झालं होतं ते गोधडीतल्या रात्री. शेवटी ३०० वर मुकाट बसलो.

तुमचं येऊ द्या.

तर्री_जास्त:
तीन फ्रेम 😂😂 त्यापेक्षा पंखा पुसला असता तर चार मिळाल्या असत्या

सातपूरकर:
ठिपके, ठिगळं दिसली तर बहुतेक मेमरी. स्क्रीन काळी होऊन ड्रायव्हर परत आला तर आधी कोअरवर (कार्डाच्या मुख्य चिपवर) संशय. दोन्ही एकदम वाढवू नका, चोर सापडत नाही. आणि फरमार्क टेस्ट लावून "स्टेबल आहे" म्हणणाऱ्यांनो, त्याने कोअर तापतो, मेमरीची परीक्षा होत नाही. मेमटेस्ट व्हल्कन किंवा ओसीसीटीची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) टेस्ट लावा. कुकर झाला, आलो

मीनल_फ्रेम्स:
मी गेम खेळत नाही, लग्नाचे व्हिडिओ करते. भावाने न विचारता माझ्या पीसीवर कार्डाच्या मेमरीचा वेग वाढवून ठेवला, "ताई रेंडर पटकन होईल". झालं पटकन. हळदीच्या सीनमध्ये नवरीच्या गालावर दोन फ्रेमपुरता हिरवा चौकोन. मला दिसला नाही, नवरीच्या आत्याला दिसला!! टीव्हीवर थांबवून थांबवून बघितलं म्हणे. अख्खा चार तासांचा व्हिडिओ परत रेंडर केला. भाऊ दोन दिवस मामाकडे होता.

तर्री_जास्त:
आत्यालाच टेस्टिंगला बसवा, ओसीसीटी कशाला

पंचवटी_पीसी:
यात कोणी ३०८० कार्डवाल्याने लिहिलं नाही म्हणून लिहितो. ज्यांच्याकडे जीडीडीआर६एक्स मेमरी आहे त्यांनी ठिपक्यांची वाट बघू नका, येतीलच असं नाही. ती मेमरी चूक पकडते आणि तोच डेटा परत पाठवते. म्हणजे वरून सगळं गुळगुळीत, आत दुप्पट हमाली. मी +१२०० वर गेलो, काही क्रॅश नाही, छाती फुगली. मग सुपरपोझिशन टेस्टचे स्कोअर वहीत मांडले तर +८०० चा जास्त, १००० चा त्याहून कमी, १२०० चा तर मूळ सेटिंगपेक्षाही खाली! दोन महिने मी कार्ड हळू करून फिरवत होतो आणि मित्रांना सल्ले देत होतो. तेव्हा प्रत्येक पायरीला स्कोअर लिहा, आणि तोही कार्ड नीट तापल्यावर. पहिल्या फेरीचा आकडा नुसता शेखी मिरवायला.

मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान पण बघा. माझं ११० अंशांना टेकायचं आणि क्लॉक आपोआप उतरायचा. थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलल्यावर खाली आलं.

अंबड_शेड:
पॅड कुठे घेतले भो? एम.जी. रोडला दोन दुकानात विचारलं, मोबाईलची स्क्रीनगार्ड दाखवली

पंचवटी_पीसी:
ऑनलाइन. जाडी मोजून घ्या पण, मी आधी जाड आणले, हीटसिंक टेकेचना कोअरला.

अंबड_शेड:
बरं. माझा अनुभव तोट्याचा आहे. आठ ५८० कार्डं, इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी. ते काम सगळं मेमरीवर चालायचं म्हणून कोअर उतरवायचा, मेमरी चढवायची. हॅशरेट (मायनिंगचा वेग) झकास दिसायचा, पूलवर (सगळे मिळून मायनिंग करतात तिथे) मात्र शेअर, म्हणजे पाठवलेले निकाल, नाकारले जायचे. एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअरमध्ये मेमरी एररचा आकडा बघितला, मिनिटाला शेकड्यांनी पळतोय. प्रत्येक कार्ड वेगळं निघालं, एकाच खोक्यातली दोन भावंडं पण सारखी नाहीत. १५ सप्टेंबर २०२२ ला ते मायनिंगच बंद झालं. कार्डं भंगाराच्या भावात दिली. काकूने त्या उकाड्यात कुरडया वाळवल्या, तेवढाच नफा.

मीनल_फ्रेम्स:
कुरडया खरंच वाळल्या?

अंबड_शेड:
एका दिवसात. थोड्या धुळकट लागल्या

नवा_गडी_सिडको:
लॅपटॉपवर करू का? ३०५० आहे

सातपूरकर:
आधी खालून हवा लागेल असं ठेव आणि तापमान बघ. करायचंच तर छोट्या पायऱ्या. आणि "स्टार्टअपला लागू करा" ही टिक टेस्ट झाल्याशिवाय मारू नकोस बाबा. मी मारली होती. विंडोज सुरू की काळी स्क्रीन, परत सुरू, परत काळी. सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढला तेव्हा सुटका, तोवर रात्रीचे दोन. बायको म्हणाली गेम जिंकलास का

गोदाकाठ:
पंचवटी, ते वहीत मांडायचं भाच्याला आजच करायला लावलं. त्याचं नवं कार्ड. +६०० पर्यंत स्कोअर वाढतोय. खिडकी बंद ठेवायला सांगितली आहे.

तर्री_जास्त:
गोधडी पण काढून घ्या